मऊ दगडाचा गोळा घरी कसा घडवायचा आणि घोटायचा

दगडाचे गोळे करायचा छंद म्हटला की लोकांना दगड फिरवून घासणारं तीन पेल्यांचं यंत्र, हिऱ्याची पाती आणि भरपूर खर्च दिसायला लागतो. अकीक किंवा जास्परसारखा कठीण दगड घडवायचा असेल तर ते खरंही आहे. पण संगजिरं (सोपस्टोन), अलाबास्टर, कॅल्साइट, साधा संगमरवर हे दगड हातानं गोल करता येतात. त्यासाठी लोखंडी पाइपचा एक तुकडा, एक कानस आणि रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, पुरतो. वीजसुद्धा लागत नाही.

नवशिके मात्र एका ठिकाणी हमखास फसतात. मऊ दगड म्हणजे सगळंच सोपं, असं ते धरून चालतात. मऊ दगडाला आकार देणं सोपं असतं आणि चकाकी देणं अवघड. अकीकाच्या पृष्ठभागावरून वाळूचा चुकार कण गेला तरी त्याला फारसं काही होत नाही, कॅल्साइटवर मात्र त्याचा चर पडतो. त्यामुळे या कामातला निम्म्याहून जास्त वेळ गोळा गोल झाल्यानंतरच जातो, आणि या लेखातही मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

दगड कोणता घ्यायचा

फ्रिडरिश मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची जी श्रेणी मांडली, तीच आजही वापरात आहे. तिच्यात संगजिऱ्यातलं तालक १ वर, जिप्सम २ वर, कॅल्साइट ३ वर, फ्लोराइट ४ वर आणि क्वार्ट्झ ७ वर येतं. आपल्या नखाचा कठीणपणा साधारण अडीच, तांब्याचा तीन आणि चाकूच्या पात्याचा साडेपाच. हाती आलेला दगड ओळखायला एवढं पुरेसं आहे. नखानं ओरखडा उठला तर संगजिरं किंवा जिप्सम (अलाबास्टर जिप्समचंच). नख चाललं नाही, पण चाकूचं टोक सहज रुतलं आणि लिंबाच्या रसाच्या थेंबाखाली बारीक बुडबुडे आले, तर कॅल्साइट किंवा संगमरवर. चाकूच घसरत असेल तर तो दगड बाजूला ठेवा, तो या पद्धतीनं व्हायचा नाही.

पहिला गोळा संगजिऱ्याचाच करावा, असं माझं ठाम मत आहे. हा दगड हाताला साबणासारखा बुळबुळीत लागतो, हॅकसॉनं कापला जातो आणि कानशीनं झरझर उतरतो. आग्र्याच्या नक्षीदार डब्या आणि पेट्या ज्याच्या होतात तो ‘गोरारा’ याच जातीचा. बेलूर आणि हळेबिडची होयसळ मंदिरंही संगजिऱ्याच्या जातीच्याच दगडात कोरलेली आहेत. तिथले कातीव खांब पाहिले की मऊ दगडही किती झळकू शकतो याचा अंदाज येतो.

दुसरा गोळा कॅल्साइटचा करा. मार्बलच्या दुकानात ‘ऑनिक्स’ म्हणून जो हिरवा-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा, उजेड आरपार सोडणारा दगड विकतात, तो बहुतेक वेळा कॅल्साइटच असतो. खरा ऑनिक्स क्वार्ट्झच्या कुळातला, कठीणपणा सातच्या आसपास. लिंबाच्या थेंबानं दोन मिनिटांत खात्री करता येते. मकराण्याचा पांढरा संगमरवरही चालतो.

दुकानामागच्या ढिगातले फरशीचे तुकडे मात्र उपयोगाचे नाहीत. फरशी जेमतेम १६ ते २० मिलिमीटर जाड असते, तिच्यातून गोटी निघेल, गोळा नाही. जाड तुकडे मूर्ती घडवणाऱ्यांकडे मिळतात. तोडून टाकलेला हात-पाय, चौरंगाचा कोपरा असलं काहीतरी त्यांच्या अंगणात पडलेलं असतंच, आणि नीट मागितलं तर बहुतेक जण देतात.

काय घेऊ नये, हेही इथेच सांगतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत, म्हणजे पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत, ॲपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहिले असतील. कठीणपणाच्या आकड्यावर ते मोहात पाडतात, पण ते ठरावीक दिशेनं पापुद्र्यांनी सुटतात. शिवाय चांगला स्फटिक घासून गोळा करणं मला तरी पटत नाही. राजस्थानातला ‘केसरियाजी ग्रीन’ नावानं विकला जाणारा हिरवा दगड संगमरवर नसून सर्पेंटिनाइट आहे. अशा दगडात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून घरात नको. मॅलाकाइट दिसायला देखणा, पण त्याची तांबेयुक्त धूळ विषारी. शिसं, पारा, आर्सेनिक असलेल्या खनिजांना तर हातच लावू नका.

दगड पसंत पडला की दोन परीक्षा घ्या. लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. मग तो पाण्यात बुडवून काढा आणि सुकताना बघत बसा. आजूबाजूचा भाग कोरडा झाल्यावरही जिथे ओलसर काळी रेघ रेंगाळते, तिथे भेग आहे. ती रेघ दगडाच्या मधून जात असेल तर तो तुकडा सोडून द्या.

आकार ५० मिलिमीटरच्या आसपासचा धरा. त्याहून लहान गोळा बोटांत नीट पकडता येत नाही आणि मोठ्याला घासायला फार वेळ लागतो. घनातून गोळा काढताना निम्म्याच्या आसपास दगड वाया जातो: घनाच्या आकारमानाच्या फक्त ५२ टक्के गोळ्यात उरतं. कॅल्साइटचा ५० मिलिमीटरचा घन सुमारे ३४० ग्रॅम भरतो, त्यातून निघणारा गोळा १७७ ग्रॅमचा.

धूळ: हा भाग वगळून पुढे जाऊ नका

दगड कधीही कोरडा घासायचा नाही. संगजिऱ्याच्या काही साठ्यांत ट्रेमोलाइटसारखे तंतुमय घटक असतात, संगमरवरात क्वार्ट्झच्या शिरा असतात, आणि विकत घेतलेल्या तुकड्यात नेमकं काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिसचा आजार अनेक वर्षं अभ्यासला गेला आहे. सिलिकाच्या बारीक धुळीनं झालेली फुप्फुसाची हानी भरून येत नाही. आपलं काम त्या मानानं फारच लहान, पण बाल्कनीत बसून कोरडी कानस चालवायला हे कारण होऊ शकत नाही.

पाण्यात काम केलं की धूळ उडतच नाही, तिचा चिखल होतो. सोबत एन-९५ मुखपट्टी लावा, निदान करवतीनं कापताना तरी. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा. गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतलं तर काही दिवसांतच नळवाल्याला बोलवावं लागेल. ते बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी झाडांना न घालता मोरीत सोडा आणि खालचा गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका.

अँगल ग्राइंडरला पाती लावून घरी दगड कापायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. संगजिरं हॅकसॉनं कापलं जातंच. कॅल्साइटचा घन मार्बलवाल्याकडून पाण्याच्या कटरवर कापून आणा. तो पाच मिनिटांत देतो आणि कडा काटकोनात मिळतात, जे हातानं साधणं कठीण.

सामान

एक हॅकसॉ, एक जाड दाताची सपाट कानस, गुण्या, पेन्सिल, व्हर्निअर कॅलिपर. वॉटर पेपर १२०, २२०, ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा, प्रत्येकी दोन कागद. भांडी घासायचा साधा स्पंज. दोन-तीन टब किंवा जुनी तसराळी. दातांचा जुना ब्रश. दहापट दाखवणारं भिंग. मोबाइलचा टॉर्च तर असतोच.

आणि सव्वा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा हातभर तुकडा. या पाइपचा आतला व्यास ३६ मिलिमीटरच्या आसपास असतो. तयार होणाऱ्या गोळ्याच्या व्यासाच्या सुमारे सत्तर टक्के आतला व्यास असलेला पाइप सगळ्यात चांगलं काम देतो, म्हणून ५० मिलिमीटरच्या गोळ्याला हा अगदी जुळतो. दुकानदाराकडून पाइप यंत्रावर सरळ कापून घ्या. तोंडाची आतली कड धारदारच राहू द्या, फक्त कापताना राहिलेली लोंबणारी धातूची बर कानशीनं काढा. बाहेरची कड मात्र गोलवून घ्या, नाहीतर तळहात कापेल. कॅल्साइट करायचा असेल तर १२० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची सुटी भुकटीही आणून ठेवा.

घनाचे कोपरे मारणं

तयार गोळा ५० चा हवा असेल तर घन ५४ चा घ्या. सगळ्या बाजू सारख्या आहेत ना, हे कॅलिपरनं पाहा. इथे एक मिलिमीटरची तफावत सोडली तर पुढे तासभर जास्त घासावं लागतं.

आता प्रत्येक बाजूवर, चारही कडांपासून आत, बाजूच्या लांबीच्या ०.२९ पट अंतरावर रेघा मारा. ५४ च्या घनाला हे अंतर सुमारे १६ मिलिमीटर येतं. दोन शेजारच्या बाजूंवरच्या समोरासमोरच्या रेघांमधली कड ४५ अंशांत उतरवायची. घनाला बारा कडा असतात, त्या सगळ्या अशा उतरवा. संगजिऱ्यात आधी करवतीनं जाड भाग काढून मग कानशीनं रेघेपर्यंत या. संगमरवराला कानस चालते, पण हळू. रेघ पुसली जाईपर्यंत घासू नका, रेघेला टेकलात की थांबा.

बारा कडा उतरल्या की सहा लहान चौकोन आणि बारा षटकोन असा अठरा बाजूंचा ठोकळा हाती येतो. त्यावर आठ टोकं अजून वर आलेली दिसतील. गणितानं ती गोळ्याच्या त्रिज्येपेक्षा साधारण २२ टक्के उंच असतात, म्हणजे या आकारात सहा मिलिमीटरच्या आसपास. तीही सपाट करा, की सव्वीस बाजू झाल्या. नवशिके इथे उतावीळ होतात आणि ‘बाकीचं कागद करेल’ म्हणून पुढे जातात. कागद हे करत नाही. उरलेला प्रत्येक कंगोरा कानशीनं पुन्हा अर्धा अर्धा मारत जा, बाजू मोजता येईनाशा होईपर्यंत.

हातोडी-छिन्नी या कामात नको, विशेषतः कॅल्साइट आणि संगमरवरात. घावाखाली दगड आतून चिरडतो आणि तिथे पांढरे ठिपके उमटतात. ओबडधोबड असताना ते दिसत नाहीत. चकाकी आली की नेमके तेच डोळ्यांत भरतात, आणि दगड तितका खोल घासल्याशिवाय जात नाहीत.

पाइपनं गोल करणं

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण इथे भूमिती स्वतःच राबते. गोल कड फक्त गोळ्यालाच सगळीकडून सारखी टेकू शकते. जिथे दगड उंच आहे तिथे पाइपची कड घासते, जिथे खोल आहे तिथे ती अधांतरी राहते. तुम्ही दगड सतत फिरवत राहिलात तर उंचवटे आपोआप कमी होत जातात. नजरेचा अंदाज लागत नाही.

बव्हेरियात बेर्खटेसगाडेनजवळ मार्क्टशेलेनबेर्ग इथे १६८३ पासून चाललेली एक पाणचक्की आहे. तिथे खालच्या दगडातल्या गोल चरीत संगमरवराचे ओबडधोबड तुकडे ठेवतात, वर लाकडाची चकती असते, आणि ओढ्याच्या पाण्यानं ती फिरते. तुकडे वाटेल तसे गडगडत दोन-चार दिवसांत, मोठे असतील तर आठवड्याभरात, गोल होतात. तत्त्व हेच: दगडानं कुठलाही एक आस धरून फिरायचं नाही.

संगजिऱ्याला सुटी भुकटी लावू नका, तिचे दाणे मऊ दगडात रुतून बसतात आणि पुढे घोटताना एकेक करून बाहेर येतात. नुसती पाइपची धारदार कडच पुरते. दगड डाव्या हातात, पाइप उजव्या हातात, दोन्ही पाण्याच्या टबावर. पाइप दगडावर दाबून मनगटानं अर्धा वळसा द्या, दगड थोडा फिरवा, पुन्हा वळसा. कड दगड खरवडून काढते आणि पाण्यात राखाडी किस पडत राहतो.

कॅल्साइटला पाइप उभा धरा, शिकंज्यात किंवा जड लाकडात घट्ट बसवून. तोंडावर कार्बाइडची चिमूटभर भुकटी आणि थोडं पाणी, वर दगड, आणि तळहातानं दाबून तो सर्व दिशांना गडगडवा. करकर आवाज मंदावला की भुकटी मेली, नवी घाला. काही वेळानं पाइपची कडही झिजते. ती सपाट फरशीवर वॉटर पेपर ठेवून पुन्हा सरळ करून घ्या.

किती गोल झाला हे कळायला दोन सोप्या युक्त्या आहेत. दगड कोरडा करून त्यावर सगळीकडे पेन्सिलनं गिरगटा. मग पाइपनं एक हलकी फेरी मारा. पेन्सिल जिथे उरली तिथे खळगा आहे. खळग्यात काही करायचं नसतं, आजूबाजूचं उतरवत जायचं. दुसरी युक्ती म्हणजे गोळा पाइपच्या तोंडावर ठेवून दुसऱ्या टोकातून टॉर्च मारा. कड आणि दगड यांच्यामधून प्रकाशाची तिरीप डोकावली तर तिथे दगड टेकत नाही. गोळा कसाही फिरवला तरी पूर्ण काळोख दिसला की तो गोल झाला. वाटलं तर कॅलिपरनं आठ-दहा ठिकाणी मोजा. फरक पाव मिलिमीटरच्या आत आला तर पहिल्या गोळ्याला उत्तम म्हणायचं.

घासाई: इथेच चकाकी ठरते

शेवटची पावडर ओरखडे भरत नाही आणि झाकतही नाही. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढून स्वतःचे, थोडे बारीक, मागे ठेवतो. पी श्रेणीच्या (नंबराआधी P छापलेल्या) १२० नंबरच्या कागदाचा दाणा १२५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ४०० चा ३५, १००० चा १८, २००० चा १० मायक्रॉनच्या आसपास. १२० वरून थेट ६०० वर उडी मारली तर १२५ मायक्रॉनच्या दाण्यानं पाडलेल्या चरी २६ मायक्रॉनच्या दाण्यानं घासून काढायच्या असतात, आणि त्या कधीच पूर्ण जात नाहीत. वरवर गुळगुळीत वाटणारा, पण उजेडात धुरकट दिसणारा गोळा बहुतेक वेळा याच उडीतून निघालेला असतो.

कागदाचा तळहाताएवढा तुकडा पाण्यात भिजवा, म्हणजे तो मऊ पडतो. ओल्या स्पंजवर तो अंथरा आणि स्पंज ओंजळीत धरून त्यात गोळा फिरवा. बोटांनी कागद दाबून घासलं तर बोटाखाली सपाट पट्टा पडतो. तो डोळ्यांना दिसणार नाही, गोळा टेबलावर सोडला की तो एका बाजूला अडखळून थांबेल. लहान लहान वर्तुळं काढत, सतत जागा बदलत घासा. मधूनमधून कागद पाण्यात बुडवा, नाहीतर दगडाचाच गाळ त्याच्या दातांत भरतो.

ओला दगड नेहमी सुंदर दिसतो. पाणी चरीत भरलं की चरी लपतात. म्हणून कागद बदलण्याआधी गोळा पूर्ण पुसा, एक मिनिट थांबा, खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च अगदी आडवा धरून, प्रकाश पृष्ठभागावरून घसरत जाईल असा, भिंगातून पाहा. ४०० च्या पायरीवर सगळे ओरखडे एकाच जाडीचे दिसले पाहिजेत. त्यात एखादी जाड, लांब रेघ असेल तर ती २२० ची किंवा १२० ची उरलेली आहे. तिथे पेन्सिलनं खूण करा आणि मागच्या कागदावर परत जा. फक्त त्या जागी घासायचं नाही, नाहीतर खळगा होतो. पूर्ण गोळा फिरवायचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पुढच्या पायरीवर तीच रेघ काढायला दुप्पट वेळ जातो.

प्रत्येक पायरीला किती वेळ द्यायचा? ५० मिलिमीटरच्या गोळ्याला १२० आणि २२० वर प्रत्येकी तास-दीड तास, ४०० आणि ६०० वर अर्धा-पाऊण तास, पुढे वीस-पंचवीस मिनिटं. घड्याळापेक्षा भिंगावर भरवसा ठेवा.

दोन पायऱ्यांच्या मधली सफाई हा वेगळाच धर्म आहे. पाणी बदला, टब बदला. गोळा वाहत्या पाण्याखाली ब्रशनं घासा, भेगा असतील तर जास्तच. हात धुवा, आणि नखांखालीही ब्रश फिरवा. १००० च्या पायरीवर अचानक उगवणाऱ्या एकट्या खोल चरीला बहुतेक वेळा नखात लपलेला २२० चा दाणाच जबाबदार असतो. १००० च्या पुढच्या कागदांना नवा स्पंज घ्या आणि तो दुसऱ्या कशालाही लावू नका.

संगजिरं ४०० पर्यंत थोडा दाब सहन करतं. त्यानंतर गोळ्याचं वजनच दाब म्हणून पुरतं. कॅल्साइटला तर कुठेच जोर लावू नका. त्याच्या स्फटिकांचा कठीणपणा दिशेनुसार बदलतो, म्हणून जोरानं घासलं तर शेजारशेजारचे दाणे वेगवेगळ्या वेगानं झिजतात आणि पृष्ठभागावर बारीक खळगे-खवले दिसायला लागतात. तसे ते दिसले की ६०० वर परत या, भरपूर पाणी आणि हलका हात. संगमरवरात क्वार्ट्झची शीर असेल तर ती याच कारणानं उंच राहते. अशा गोळ्याला स्पंजऐवजी जाड चामड्याचा आधार द्या, म्हणजे कागद शिरेवरही दाबला जाईल.

घोटाई

इथून पुढे प्रत्येक दगडाची रीत वेगळी.

संगजिरं आरशासारखं चकाकत नाही. त्यातलं तालक तेवढं घट्ट नसतं. १५०० किंवा २००० वर त्याला जी रेशमी तुळतुळी येते, तीच त्याची झिलई. मग गोळा हेअर ड्रायरनं हाताला कोमट लागेल इतपत गरम करा आणि औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बोटानं चोळा. फिकट राखाडी दगड बघता बघता गडद हिरवा किंवा काळसर होतो, नसा उठून दिसतात. रात्रभर ठेवून सकाळी सुती कापडानं घोटा. जास्त चमक हवी तर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ थर. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते काही महिन्यांत खवट होतं आणि चिकट थरावर धूळ बसते.

एक गंमत सांगायची तर संगजिरं भट्टीत तापवलं की कठीण होतं. सिंधू संस्कृतीतल्या मुद्रा कोरून भाजलेल्या आहेत त्या याच दगडाच्या. घरच्या गॅसवर हा प्रयोग करायचा नाही.

अलाबास्टर म्हणजे बारीक दाण्यांचं जिप्सम. ते पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. ओलं घासायला हरकत नाही, पण टबात रात्रभर बुडवून ठेवलं तर पृष्ठभाग खरबरीत होतो. उष्णतेनं त्यातलं पाणी निघून जातं आणि दगड खडूसारखा मेलेला, पांढराफटक होतो. म्हणून ड्रायर नको, जोरात घासणंही नको. तेलाचे डाग पडतात, त्यामुळे २००० नंतर रंगहीन मेण, तेही चिमूटभर.

कॅल्साइट आणि संगमरवराला टिन ऑक्साइड. संगमरवर पॉलिश करणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात ही पांढरी पूड मिळते. जुन्या जीन्सच्या कापडाचा तुकडा भिजवून पिळा, त्यावर पुडीची सायीइतकी दाट लापशी घ्या आणि गोळा तळहातात फिरवत घोटा. सुरुवातीला कापड सहज सरकतं. पाणी आटत आलं की ते दगडाला किंचित धरायला लागतं, हाताला ओढ जाणवते. खरी चमक त्या एक-दोन मिनिटांत चढते. पूर्ण कोरडं होऊ देऊ नका, कापड थांबायच्या आत पाण्याचा एक थेंब द्या. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब सरळ रेघांत दिसलं की झालं. ते पुसट दिसत असेल तर अजून पूड घालून फायदा नाही, २००० वर परत जा.

फरशीवाले टिन ऑक्साइडमध्ये ऑक्झॅलिक आम्ल मिसळतात, त्यानं चकाकी पटकन येते. पण हे आम्ल विषारी आहे, त्वचेलाही इजा करतं. छंदासाठी त्याची गरज नाही. उलट आम्लांपासून कॅल्साइटचा गोळा जपायचा असतो: लिंबू, चिंच, कोला, बाथरूम क्लीनर यांतल्या कशाचाही एक थेंब पडला की तिथे निस्तेज डाग कायमचा.

तयार गोळा काचेच्या कपाटात ठेवलेला बरा. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसलं की दर खेपेला बारीक ओरखडे पडतात. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग ओलसर मायक्रोफायबर. अलाबास्टरला फक्त ब्रश. आणि दोन गोळे एकमेकांना टेकवून ठेवू नका, विशेषतः संगजिऱ्याशेजारी कॅल्साइट.

यानंतर काय

दोन-तीन गोळे झाले की फ्लोराइटची ओढ लागते. गुजरातेत आंबाडुंगरला त्याचे मोठे साठे आहेत, आणि जांभळ्या-हिरव्या थरांचा दगड घोटल्यावर फार देखणा दिसतो. कठीणपणा चारच, पण तो चार दिशांनी अगदी स्वच्छ दुभंगतो, आणि गरम-गार पाण्याच्या फरकानंही तडकतो. त्याचे कोपरे करवतीनं मारू नका. १२० च्या कागदावर किंवा बारीक कानशीनं कडेकडून आत घासत या, म्हणजे टवका उडणार नाही. पाणी खोलीच्या तापमानाचं. पाइपवर भुकटी २२० पासून सुरू करा. शेवटी टिन ऑक्साइडऐवजी ०.३ मायक्रॉनची ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड), फेल्टच्या म्हणजे नमद्याच्या तुकड्यावर. घन मात्र हव्या त्या मापापेक्षा निदान दहा मिलिमीटर मोठा घ्या. फ्लोराइटमध्ये एखादा टवका उडतोच, आणि तो घासून काढायला तेवढी जागा लागते.

यंत्र घ्यायचं का, हा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. तीन पेले १२० अंशांवर बसवलेलं यंत्र दगडाला सतत आस बदलत फिरवतं. क्वार्ट्झ कुळातले दगड करायचे असतील तर त्याला पर्याय नाही. मऊ दगडांसाठी मात्र ते बहुधा नुकसानच करतं. पेले फिरत राहतात, दगड झरझर उतरतो, आणि तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत ५० चा गोळा ४५ चा झालेला असतो. घेतलंच, तर वेग सगळ्यात कमी ठेवा, पेल्यांच्या स्प्रिंगांचा ताण अर्ध्यावर आणा, पाण्याची धार सतत चालू ठेवा आणि ६०० नंतरचं सगळं हातानंच करा. विजेवर पाण्यासह काम करताना गळती होताच प्रवाह तोडणारं आरसीसीबी त्या प्लगच्या मागे असलंच पाहिजे. ते नसेल तर आधी वायरमनला बोलवा, यंत्र नंतर.